मुरारीने हात सोडला तेव्हा

मित्रांनो, पोलादपूरजवळ हमरस्त्याला लागून जुल्फिकारभाईंचं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे. तिथल्या भिंतीवरचा जुना पिवळा डबा म्हणजे मी. हृदयाचे ठोके तपासून, गरज असेल तरच विजेचा झटका देणारं यंत्र.

माझी उमेदीची वर्षं शारजाच्या एका इमारतीत गेली. तिथे नवं यंत्र आलं, तेव्हा पहारेकरी जुनैदने मला मालकाकडून मागून घेतलं आणि २००४ साली वडिलांकडे, जुल्फिकारभाईंकडे आणलं. मी बोलतो इंग्रजीत. म्हणून जुनैदच्या बहिणीने, नर्स असलेल्या शगुफ्ताने, माझ्या सूचना मराठीत लिहून झाकणावर चिकटवल्या.

पहिल्याच उन्हाळ्यात महिपती नावाचा शेतकरी दारात चक्कर येऊन पडला. जुल्फिकारभाईंनी घाबरून माझ्या चिकटपट्ट्या त्याच्या छातीवर लावल्या. मी ऐकलं. ठोके एका लयीत चालले होते. "झटका नको," मी सांगितलं.

"देत नाय? मग बिघडलाय हा डबा!" हमाल मुरारी म्हणाला.

तोंडावर पाणी मारल्यावर महिपती उठून बसला. पण माझी पत गेली ती गेलीच. लोक माझ्यावर छत्र्या अडकवू लागले.

"चालत्या काळजाला झटका दिला असता तर जीव गेला असता," शगुफ्ता सांगत राहिली. पट्ट्यांची मुदत संपली की नव्या आणायची, बॅटरी बघायची. बाकी कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी मुरारीचा थोरला भाऊ सहदेव कशेडीचा घाट उतरून आला आणि ट्रकमधून खाली पाय ठेवताच कोसळला. श्वास नाही. शगुफ्ता शेजारच्या घरातून धावत आली. ती छाती दाबू लागली, भाईंनी पट्ट्या लावल्या.

"कुणी हात लावू नका," मी म्हणालो. शगुफ्ताने हात उचलले. मुरारीने मात्र भावाचा हात धरून ठेवला होता, गदागदा हलवत होता. त्या हलण्यामुळे मला नुसती खरखर ऐकू येई.

"मुरारीदादा, हात सोडा!" शगुफ्ता ओरडली.

"भाऊ हाय गो माझा! कसा सोडू?"

"सोडा, तरच तो वाचेल!"

मुरारीने हात सोडला. मग मला ऐकू आलं. ठोका नव्हता, हृदय नुसतं वेडंवाकडं थरथरत होतं. ते अगदी निपचित असतं, तर माझा झटका काही कामाचा नव्हता. पण थरथर एका झटक्याने थांबवली, तर हृदय पुन्हा आपली लय धरू शकतं.

"झटका द्या," मी सांगितलं. शगुफ्ताने सगळ्यांना मागे सारून बटण दाबलं. सहदेवचं अंग उसळलं. ती लगेच पुन्हा छाती दाबू लागली. दोन मिनिटांनी मी परत ऐकलं. एक ठोका. मग दुसरा. सहदेव कण्हला, आणि मुरारी रस्त्यावरच मटकन बसून रडू लागला.

सहदेव महाडच्या दवाखान्यातून बरा होऊन घरी आला. तेव्हापासून मुरारी रोज सकाळी माझ्यापुढे उभा राहतो, मी तयार असल्याचा हिरवा दिवा बघतो आणि विचारतो, "हायस ना रे?"

मित्रांनो, आमच्यासारखे डबे वर्षानुवर्षं गप्प असतात. कुठे दिसला, तर त्याचा दिवा लागलाय का तेवढं बघा. विझला असेल, तर मोठ्यांना सांगा. आम्हाला स्वतःहून हाक मारून बोलावता येत नाही.