एकटी हयात

बाईंनी आतून कडी लावली आणि नळ सोडला. हात धुवायचे नव्हतेच. बाहेर उभ्या असलेल्या लेकीला पाण्याचा आवाज ऐकू जावा, एवढंच. आरशाकडे त्यांनी पाहिलं नाही. छातीत असं धडधडत होतं, की नळ बंद केला तर तेच दाराबाहेर ऐकू जाईल असं त्यांना वाटलं.

“आई, पहिली घंटा झाली.”

“आलेच.”

“बरं वाटतंय ना?”

“न वाटायला काय झालंय!”

आवाज नको इतका करडा निघाला. मुलींच्या शाळेत त्या नोकरीभर संगीत शिकवत आल्या होत्या. प्रार्थनेला पियानो, कवायतीला पियानो, बक्षीस समारंभाला पियानो. भरलेल्या सभागृहाची भीती त्यांना कधी वाटली नव्हती. आज तर वाजवायचंही नव्हतं. खुर्चीत बसून ऐकायचं होतं. तरी कडी काढवत नव्हती.

बाहेर दालनात नाना, म्हणजे त्यांचे यजमान, कार्यक्रमाची पत्रिका वाचत उभे होते. कधीच न वाजलेल्या रचनांची मैफल होती, आणि सगळ्या रचना बायकांच्या. पाच नावं, प्रत्येकापुढे जन्माचं साल, रेघ आणि मृत्यूचं साल. बाईंच्या नावापुढे रेघेनंतर काहीच नव्हतं.

“तुझ्यासाठी जागा सोडलीय बघ,” नाना म्हणाले. “यात हयात तू एकटीच.”

भीती वाटली की नानांना विनोद सुचायचे. त्यांनी पत्रिकेची घडी घातली, मग घडीची घडी. शेवटी ती मुठीत दिसेनाशी झाली.

झालं होतं असं, की एका दुपारी रेडिओवर अशा रचना पाठवायचं आवाहन ऐकून बाईंनी लग्नाआधी लिहिलेली रचना पाठवून दिली. व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्यासाठी केलेली. संध्याकाळी त्यांना पश्चात्ताप झाला, पण परत मागायची लाज वाटली. आणि मग ‘निवड झाली’ असा फोन आला. घरात आनंदीआनंद झाला. बाईंची मात्र झोप उडाली.

धाकटीच्या जन्माच्या वेळी घरात जागा पुरेना, तेव्हा नानांनी पियानो विकला होता. “पुढे नवा घेऊ की,” असं म्हणून. ते पुढे काही आलं नाही. बाई भांडल्या नाहीत. फक्त कधीमधी, भाजी निवडता निवडता, हसत म्हणायच्या, “आम्हाला कुठे मिळाली संधी!” आणि नाना मुकाट्याने उठून चहा टाकायचे. अख्खा संसार त्या एका वाक्यावर तोललेला होता. आणि आज तेच वाक्य, भर सभागृहात, खरं की खोटं ते कळणार होतं. रचना सुमार निघाली, तर संधी न देणाऱ्यांचं काय चुकलं होतं?

दिवे मंदावले. बाई मध्ये, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला नाना.

चेलोने एकट्यानेच सुरुवात केली, अगदी खालच्या सुरात. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. वह्या तपासाव्यात तशा त्या ऐकत होत्या, चूक हुडकत. आता व्हायोलिन येईल आणि सगळं गोडगोड होईल. व्हायोलिन आलं, पण जरा उशिरा, आणि गोड न होता चेलोशी हुज्जत घालू लागलं. ‘आता पियानो येऊन घोळ होईल.’ झाला नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी चॉकलेटचा कागद सोडत होतं, तो आवाज मध्येच थांबला, तो पुन्हा आलाच नाही.

संथ भागात पियानो दोन सूर टाकून गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यात काय आहे, ते लग्नाआधी हे लिहिणाऱ्या मुलीला ठाऊक होतं. बाईंना ते आत्ता उमगलं.

चांगलं होतं ते. नुसतं बरं नव्हे, चांगलं.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. ही मुलगी थांबली नसती, तर पुढे तिने काय काय लिहिलं असतं?

टाळ्या पडल्या. व्हायोलिन वाजवणारीने मंचावरून बाईंकडे हात केला, लोक मागे वळून उभे राहिले. लेक गळ्यात पडून रडत होती. तिच्या खांद्यावरून बाईंनी दुसरीकडे पाहिलं. नानांची खुर्ची रिकामी होती.

रक्तदाबाची गोळी! सकाळच्या गडबडीत दिली होती की राहिली? लेकीला “आलेच” म्हणून बाई रांगेतून वाट काढत निघाल्या. कुणी हात हातात घेतला, कुणी वाकून काही म्हणालं. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. दारावरच्या माणसाने सांगितलं, “एक आजोबा गेले की मागच्या बाजूला. भिंतीला धरून चालले होते.”

मागच्या दाराबाहेर दुपारचं ऊन होतं. नाना पायरीवर बसले होते.

“अहो! छातीत दुखतंय का?”

नानांनी नाही म्हणून मान हलवली.

“मग न सांगता असे उठून—”

“फार छान होतं गं,” नाना म्हणाले. “फार म्हणजे फारच.”

बाई उभ्याच राहिल्या.

“मी आत बसून काय म्हणत होतो, माहितीय? वाईट निघू दे. देवा, वाईट निघू दे.” त्यांनी वर पाहिलं नाही. “म्हणजे मग माझ्या हातून फार काही चुकलेलं नसतं.”

इतक्या वर्षांचं काहीबाही बाईंच्या ओठांपर्यंत आलं. बोलल्या असत्या, तर नाना ऐकून घेणार होते. ते बसलेच होते तसे.

“मीपण तेच म्हणत होते,” बाई म्हणाल्या.

“तू? तू कशाला?”

“वाईट असतं, तर माझं काही गेलेलंच नसतं ना.”

आत पुढची रचना सुरू झाली. बंद दारातून ती पुसट ऐकू येत होती.

मग नानांनी विचारलं. आवाज अगदी बारीक, डॉक्टरांना विचारावं तसा.

“आणखी आहे का गं? असं काही?”

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. मग दोघं उठून आत गेले असते, लेकीशेजारी बसले असते.

“कागदावर नाही,” बाई म्हणाल्या. “पण आहे.”

नानांनी डोळे मिटले. मग हाताने बाजूची पायरी झाडली आणि जरासे सरकले.