पडद्यावर राहिलेली चैती

जामसरजवळच्या आमच्या पाड्यावर एक संस्था आरोग्य केंद्र चालवते. त्या दिवशी तिथे उभं राहायला जागा नव्हती. संगणकाच्या पडद्यावर ढवळूच्या घरातल्या माणसांची नावं होती आणि त्यांत त्याची आई चैतीही होती. चैती आषाढात वारली. तिची नोंद ढवळूच्या डोळ्यांदेखत काढून टाकलेली. नुसतं तिचं नाव शोधलं तर 'अशी व्यक्ती नाही' असं येई; घर उघडलं की चैती हजर.

जिवा भगताने पडद्यावर तांदूळ टाकले. "माती सुटली, घर नाय सुटलं. सुनेनं धरून ठेवलीय," तो म्हणाला. मग मोरपीस फिरवत विजेला, तारेला, वाऱ्याला आण घालत बसला. केंद्र सांभाळणारा धनेश हा त्याचा पुतण्या. त्याने काही बटणं दाबली. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. चैती गेली होती. लोकांनी हात जोडले.

तेव्हापासून चैतीची सून, ढवळूची बायको जयवंती, हिला लोक विहिरीवर येऊ देईनात. ती लांबच्या ओहोळावरून पाणी आणी. मी इथला शिक्षक. घरोघर जाऊन बोललो. "गुरुजी, डोळ्यांनी बघलं ना," एवढंच उत्तर. हे उत्तर ऐकून ऐकून मी थकलोय.

शेवटी तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या जयश्रीला मोखाड्याहून बोलावलं. तिने सगळ्यांसमोर, सरावासाठी ठेवलेल्या नोंदींच्या नकलेत, भगताचं घर उघडलं आणि त्याचं नाव काढून टाकलं. शोधलं, तर अशी व्यक्ती नाही. घर पाहिलं, तर जिवा होताच.

"भगतबाबा, तुम्ही तर इथं बसलाय. मग हे कोण अडकलं?"

भगताने मोरपीस मांडीवर ठेवलं.

"प्रोग्रॅम नोंदींच्या साठ्यातून घर आणि त्यातली माणसं एकदाच मागून घेतो, जवळ ठेवतो," जयश्री म्हणाली. "नंतर साठ्यातून माणूस काढलं, तरी जवळची जुनी नावं तशीच राहतात. बंद करून चालू केला की तो नव्यानं मागतो. धनेशला हे मीच शिकवलं होतं."

तिने मंत्राशिवाय प्रोग्रॅम बंद-चालू केला. नाव गेलं. भगत खुर्चीतच होता. धनेश खाली बघत राहिला.

"माणूस काढलं की घरातली नावं आपोआप नव्यानं मागवली जातील, एवढी दुरुस्ती करून जाते," ती म्हणाली.

जयवंती दाराशी हंडा घेऊन उभी होती. "नावाचं कळलं," ती म्हणाली. "मला पाणी भरू नका देऊ, हे कुठल्या यंत्रानं सांगितलं?"

ढवळूने उठून तिच्या हातातला हंडा घेतला आणि विहिरीकडे चालू लागला.

"तरी चैतीच्या नावानं एक कोंबडा देऊन टाकू का, गुरुजी?" गोदा म्हातारीने विचारलं.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसलो. दिसलं ते खरंच दिसलं असेल. पण का दिसलं, ते विचारा. आणि एखाद्या बाईला दोष द्यायच्या आधी तरी विचाराच.