येशीची झोप आणि माझी कॉफी

मी येशीच्या घरची कॉफीची किटली बोलतेय. मातीची, काळीभोर. आमच्या देसे गावात मला जबेना म्हणतात. पोट गोल, मान लांब, एका बाजूला कान. बाजारात हल्ली पत्र्याच्या किटल्या आल्यात, त्यांच्या पंगतीला मला बसवू नका, मला खपत नाही. आणि एक गोष्ट आधीच कबूल करते. येशीची झोप मी उडवली. मुद्दाम नाही हो, पण उडवली.

डोंगरापलीकडच्या एका म्हातारीने मला घडवलं, गोवऱ्यांत भाजलं आणि सोमवारच्या बाजारात आणून बसवलं. येशी तेव्हा नवी नवरी. तिने मला टिचकी मारून पाहिली, पाणी ओतून गळते का पाहिलं आणि अर्धा तास घासाघीस केली. तिचा नवरा देम्से मागे उभा राहून म्हणत होता, "घे ना बाई एकदाची, पाय दुखले माझे!" घरी नेऊन तिने मला कॉफीच्या टरफलांसकट तीनदा उकळलं. तेव्हा कुठे माझा मातकट वास गेला आणि मी माणसांत आले.

तेव्हापासून मला उसंत नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मी निखाऱ्यावर. दर वेळी तीन फेऱ्या. पहिली दाट, दुसरी बरी, तिसरी म्हणजे रंगीत पाणी. पण तिसऱ्या फेरीत आशीर्वाद असतो, तो टाकून उठायची कोणाची छाती नाही. तीन त्रिक नऊ झाले की नाही? शिवाय एकटीने कॉफी प्यायची रीत नाही, शेजारणी लागतातच. माणसं म्हणतात कॉफीला बोलावलं. खरं तर बोलायला बोलावलेलं असतं, मी आपली निमित्ताला.

येशीला सातवा महिना लागला आणि तिची झोप गेली. डाव्या कुशीवर बाळ लाथा मारी, उजव्या कुशीवर छातीत जळजळे, उताणी झाली की श्वास लागे. पाच उशा आल्या. देम्से भिंतीला पालीसारखा चिकटला. बिचारा काळजीचा फार. मध्यरात्री कधी तिचा डोळा लागलाच, की हा हळूच विचारणार, "येशी, झोपलीस का गं?"

"झोपले होते!"

बाळंतपणासाठी तिची आई अस्काले खेड्यातून आली होती. अंगणापलीकडे झेनेबेच मावशी राहायची, तिची सात बाळंतपणं झालेली. दोघींनी मिळून विचार केला. विचार करायचा म्हणजे काय, मला निखाऱ्यावर ठेवलं! झोप का येत नाही यावर तीन फेऱ्या झाल्या. येशीला बोलायला लावलं आणि प्यायलाही लावलं. त्या रात्री ती छताचे पत्रे मोजत होती.

त्यात आमच्याकडची आणखी एक समजूत. पोटुशीच्या नाकात वास गेला आणि पोटात घोट गेला नाही, तर बाळाचं बरंवाईट होतं. आमचं अंगण पाच घरांचं, त्यात पाच चुली. कोणीही कॉफी भाजली की तिचा धूर येशीच्या दारात येणार, आणि धुरापाठोपाठ झेनेबेच मावशी कप घेऊन येणार. "घे गं, बाळ मागतंय." बाळाला विचारलं होतं कोणी?

येशी तपासणीला गेली. तिथलं बोलणं तिने घरी येऊन सांगितलं, मला कोण दवाखान्यात नेतंय! नर्सने विचारलं, "दिवसाला किती कप?" येशी म्हणाली, "घरचे सांगू, की शेजारचे धरून?" नर्सने पेन खाली ठेवलं. मग बजावलं, रक्तदाब वाढलाय. सकाळी एक कप, दुपारनंतर थेंब नाही. दोन आठवड्यांत झोप लागली नाही आणि दाब उतरला नाही, तर दाखल व्हावं लागेल, बाळाला धोका आहे.

झेनेबेच मावशी खोखो हसली. "कालची पोरगी ती! मी नऊ कप घेऊन घोरते. विचार माझ्या नवऱ्याला."

नवरा दारातूनच म्हणाला, "गल्लीला विचारा."

मग देम्सेने अक्कल लढवली. सगळे बाहेर असताना त्याने जव काळे होईपर्यंत भाजले, कुटले आणि माझ्या पोटात घातले. मला किती लाज वाटली सांगू! दुपारी बायका जमल्या. झेनेबेच मावशीने घोट घेतला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अस्काले, तुझी कॉफी आजारी आहे का?"

देम्सेचे कान लाल झाले. मावशीने कप खाली ठेवला. "आमच्या घरून रोज अस्सल कॉफी येते, आणि आम्हाला गाढवाचा चारा? जव कॉफीसोबत चघळायला द्यायचे असतात बाबा, प्यायला नाही!" ती पदर झटकून गेली ती दोन दिवस फिरकली नाही. कप मात्र दुसऱ्यांच्या हाती पाठवतच होती. रुसवा आमच्याशी, बाळाशी नव्हे.

तिसऱ्या रात्री येशी चुलीपाशी येऊन बसली, माझ्या शेजारी, आणि हुंदके देऊन रडायला लागली. अस्काले धावत आली. अंगणापलीकडून मावशीही आली, डोक्यावर शाल ओढून.

"मावशी, मला झोप हवी हो," येशी म्हणाली. "कॉफी प्यायले तर बाळाला धोका म्हणते ती नर्स. कप परत पाठवला तर बाळाला धोका म्हणता तुम्ही. मी करू काय? माझ्या बाळाला काही झालं तर?"

मला तर तिथल्या तिथे तडकून जावंसं वाटलं. मावशी तिच्याजवळ टेकली आणि म्हणाली, "वासच गेला नाही, तर घोट कशाला लागेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे हिची सुटका होईपर्यंत, दुपारनंतर या अंगणात कोणी कॉफी भाजायची नाही. मीसुद्धा नाही."

अहो, काय ते दिवस! पहिल्याच दुपारी सगळ्या बायकांची डोकी ठणकली. जी ती कपाळाला फडकं बांधून बसलेली. दोघींचं बादलीवरून भांडण झालं, आणि बादली तिसरीचीच निघाली. मावशीचा नवरा बसथांब्यावरच्या टपरीत चोरून पिऊन आला, तर अस्कालेने त्याला फाटकातच हुंगलं आणि चूळ भरायला लावली, तीही साबणाची. एवढं करून पहिले तीन दिवस येशी जागीच. मावशी कण्हत म्हणे, "बाळा, लवकर झोप गं. नाहीतर मी तरी मरते."

आज चौथा दिवस. जेवण झालं आणि येशी चटईवर डाव्या कुशीवर टेकली, गुडघ्यांत उशी घेऊन. अस्काले तिचे पाय चोळत होती. चोळता चोळता तिचा हात थांबला. येशी घोरत होती, चक्क घोरत होती! देम्से विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात सासूने त्याच्या तोंडावर हात ठेवला. झेनेबेच मावशी दारात उभी राहून रडतेय. कपाळाला फडकं, डोळ्यांना धार. "डोकं फुटतंय गं माझं," ती कुजबुजते, "पण ऐक, ऐक तरी कशी घोरतेय."

दोन तास झालेत. मी कोपऱ्यात आहे, रिकामी आणि गार. भर दुपारी गार बसायची माझी ही पहिलीच वेळ, आणि सांगू का, मला मुळीच वाईट वाटत नाहीये. तुम्ही पाहुणे म्हणून आला असाल, तर हात जोडते, आज कॉफी मागू नका. वहाणा हातात घ्या, कडी न वाजवता परत जा आणि उद्या सकाळी या. माझी पोर झोपलीय.