बाबांच्या गादीवरची बाटली

भरवेलीच्या खाण-कॉलनीमागच्या नाल्यावर त्या रविवारी दोनेकशे माणसं जमली होती. निर्मलबाबांनी नाल्याचं काळपट सांडपाणी काचेच्या बरणीत भरलं, चिमूटभर भस्म टाकलं आणि ढवळलं.

"देखो भक्तहो! ज्याचं मन गढूळ, त्यालेच पानी गढूळ दिसते!"

भजन संपेपर्यंत गाळ तळाशी बसला. वरचं पाणी नितळ झालं आणि एकच जयजयकार उठला. बाबा ते पाणी पळीपळीने तीर्थ म्हणून वाटू लागले. कावीळ असो, हगवण असो, ताप असो, औषध एकच.

रांगेत माझी धाकटी बहीण अंजना उभी होती. कडेवर दोन वर्षांची गीता, कालपासून पोट बिघडलेली. तिची थोरली मुलगी मंजुषा गेल्या पावसाळ्यात अशाच हगवणीने गेली. सहा वर्षांची होती. तिलाही दवाखान्याऐवजी हेच तीर्थ पाजलं होतं. मी पोचले तेव्हा पोर थंड पडली होती. त्या दिवशीच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मी पौर्णिमा. बालाघाटात सांडपाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते.

"अंजू, हे पाजू नको तिले."

"काहून? पानी पाह्य ना, किती साफ झालं! आई नाही का माठाले निवळी घासे?"

खरं होतं. आमची आई माठाला आतून निवळीचं बी घासायची. माती खाली बसली की आम्ही पाणी प्यायचो. पण आईचं पाणी विहिरीचं होतं, नाल्याचं नव्हतं. पाणी निवळलं म्हणजे शुद्ध झालं, ही आमची घरोघरची समजूत बाबाने बरोबर हेरली होती.

"दोन दिवस तिले उकळलेल्या पान्यात मीठ-साखर दे, वाढलं तर तडक दवाखान्यात ने. मंगळवारी मी चुकली, तर मीच तुले इथं आनीन," मी म्हणाले. ती कशीबशी कबूल झाली.

मग मी पुढे जाऊन गोड हसून हात जोडले. तळाशी औषधी कागदाची पट्टी असलेल्या दोन बाटल्या बाबांसमोर ठेवल्या.

"बाबा, यातली कोनतीही घ्या. तुमच्या हातानं तीर्थ भरा. दुसरीत अंजूच्या घरचं उकळलेलं पानी. तुमच्याच दोऱ्यानं बांधा, तुमच्याच गादीवर ठेवा. मैल्यातले जंतू असले, तर दोन दिवसांत पानी काळं पडते."

"अरे बेटी, या गादीवर जंतू मरते!" म्हणत बाबांनी बाटल्या अखंड दिव्यांशेजारी ठेवल्या आणि वर कापड झाकलं. जंतू वाढावेत म्हणून लॅबमध्ये आम्ही अशा बाटल्या उबेत ठेवतो. बाबांनी ते काम फुकटात केलं.

मंगळवारी तीच गर्दी जमली. बाबांनी स्वतःच कापड उचललं. उकळलेलं पाणी जसंच्या तसं होतं. तीर्थ डांबरासारखं काळं झालं होतं.

"इसने जादू किया!" बाबा ओरडले.

"दोरा तुमचा, हात तुमचे, गादी तुमची," मी म्हणाले. मग दाढी-कटिंगच्या दुकानातून आणलेली तुरटी कुटून नाल्याच्या पाण्यात टाकली आणि सगळ्यांना थांबवून ठेवलं. भजनाशिवायच पाणी निवळलं. "हेच ते भस्म. गाळ खाली बसते. जंतू पान्यातच राह्यते."

पेला त्यांच्याच तीर्थाने भरून मी बाबांच्या ओठांशी नेला. "प्या."

"आज... आज मेरा उपवास है."

"तीर्थानं उपवास मोडत नाही, बाबा."

त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो बघताना मला सुख झालं, खोटं कशाला सांगू?

खाणीतून निवृत्त झालेले महागूकाका पुढे सरसावले. "माह्याबी नातीले पाजलं, तवा नव्हता काय तुहा उपवास?"

लोकांनी त्याला बडवावं असं मलाही वाटलं. पण मार दोन दिवसांत विसरला जातो. मला तो ठाण्यात, प्रेमलाल या त्याच्या खऱ्या नावाने उभा हवा होता. मीच पोलिसांना फोन केला.

अंजनाने काळी बाटली उचलली. "ताई, माह्या मंजूले म्या हेच पाजलं?"

"हौ," मी म्हणाले. मला खोटं बोलवलं नाही.

तिने माझा पेन मागून घेतला, बाटलीवरच्या कोऱ्या चिठ्ठीवर 'मंजुषा, वय सहा' असं लिहिलं आणि बाटली बाबाच्या डोळ्यांपुढे धरली. तो मान वर करीना. मग मीठ-साखरेच्या पाण्याने सावरलेल्या गीताला कडेवर घेऊन ती दवाखान्याच्या वाटेला लागली.

वाचकहो, नितळ पाण्यातही मरण असू शकतं. डोळ्यांना जंतू दिसत नाहीत, म्हणून तर तपासणी असते. पाणी तपासून घ्या, उकळून प्या, पोर आजारी पडलं तर डॉक्टर गाठा. आणि कुणी तीर्थाची पळी पुढे केली, तर आधी त्यालाच प्यायला लावा.