मुकुट पडता कामा नये

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे. आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या एका उडीने सबंध व्हेनिस उठून उभं राहिलं होतं.

माझा जन्म कागदाच्या लगद्यातून झाला. वर सोनेरी वर्ख, पुढे काचेची माणकं. ऑपेरातल्या चाळीस राजांच्या डोक्यावर मी बसलो. तेव्हा व्हेनिसवर ऑस्ट्रियाचं राज्य होतं. राजा दयाळू असला, की ऑस्ट्रियाचे साहेबलोक आपल्या सज्जातून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत. दुष्ट असला, तर तो दूरच्या, कधीच बुडालेल्या देशाचा हवा, ही त्यांचीच अट. पण आमचे प्रेक्षक काय दुधखुळे होते? बाबिलोनचा राजा गुरगुरला, की सगळ्या माना त्या सज्जाकडे वळत.

एका खेळात राजा शेवटी मरणार होता. खेळ तपासणाऱ्या साहेबांनी तालमीतच बजावलं, "मरू दे. पण मुकुट पडता कामा नये. पडला, तर पाडणाऱ्याला तुरुंग."

राजा होणारा ओत्ताव्यो अंगाने धिप्पाड, मरताना धाडकन कोसळायचा. म्हणून कपडेपट सांभाळणाऱ्या झेलिंदाबाईंनी मला फीत लावून ती त्याच्या हनुवटीखाली बांधली.

"अगं, गळा आवळतेस. गाऊ कसा?"

"शेवटी मरायचंच आहे ना? गप उभा राहा."

खेळ रंगला. खंजीर लागला, ओत्ताव्यो कोसळला, आणि मित्रांनो, मला राहवेना. मी स्वतःहून उडी मारली! घरंगळत थेट रंगमंचाच्या कडेच्या दिव्यांपाशी. मग वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "पुन्हा!" आणि सगळं थिएटर उठलं. पुन्हा, पुन्हा! ओत्ताव्यो बिचारा उठला, मला डोक्यावर ठेवून पुन्हा मेला. असा तीनदा मेला, तीनदा मी उडालो.

सकाळी साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "मुकुट कोणी पाडला?"

साठ गाणाऱ्यांनी एकच उत्तर दिलं, "साहेब, तो आपणहून पडला."

कागदाच्या मुकुटाला बेड्या कुठे घालणार? मलाच तीन महिने कचेरीच्या कपाटात कोंडलं. तिथे उंदरांनी माझी दोन टोकं खाल्ली. आता ते साहेब गेले, त्यांचं राज्यही गेलं. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. उडी मारायची हिंमत सगळ्याच मुकुटांत...

"पुरे कर," कोपऱ्यात टाके घालत बसलेल्या म्हाताऱ्या झेलिंदाबाई म्हणाल्या. "त्यांच्या राज्यात ही थाप मारलीस, उपकार झाले तुझे. आता कोणाला भ्यायचंय? पोरांनो, फीत मी आधीच अर्धी कापून ठेवली होती."