साफ केलेल्या कोंबडीचं ऑपरेशन

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण पोट फाडल्यावर आत काय निघतं ते मला विचारा. बाजारात माझं कोंबड्यांचं दुकान आहे, दिवसाला साठ पोटं फाडते. मला सगळे मनांग फिला म्हणतात. मनांग म्हणजे थोरली बहीण. माझ्याहून वयाने मोठे असलेलेही म्हणतात, कारण त्यांना कोंबडी ताजी हवी असते.

सख्खी बहीण एकच, पुरिंग. ती माझ्यासमोर बसून पेटे साफ करते. पेटा म्हणजे कोंबडीची दाणे दळायची पिशवी. ती चिरायची, आतले खडे धुवायचे, पिवळी कातडी सोलायची. पुरिंग डावखुरी. शाळेत नन बायकांनी तिच्या डाव्या हातावर पट्ट्या मारमार मारल्या. हात काही बदलला नाही, शाळा मात्र सुटली. तिचा काप डावीकडून तिरका येतो आणि शेवटाला सुरी जराशी वळते. तीस वर्षं मी ओरडतेय, अगं सरळ काप. ऐकेल ती पुरिंग कसली!

तिच्या डाव्या स्तनात गाठ आली. मक्याच्या दाण्याएवढी होती तेव्हा तिने मला सांगितलं. मी तिला जीपनीच्या गाडीत घातली आणि जिल्ह्याच्या इस्पितळात नेली. तिथे डॉक्टर दुमलाव म्हणून एक मुलगी आहे, चष्मा नाकावर घसरलेला. ती म्हणाली, सुई घालून बघायला हवं, कदाचित कापायला लागेल. मनिलाहून मोठे सर्जन येतील त्या गुरुवारी या. तो गुरुवार चुकला तर पुढची खेप पावसाळा संपल्यावर.

गुरुवारला सहा आठवडे होते आणि घात तिथेच झाला. सहा आठवड्यांत सहा रविवार येतात, आणि रविवारी ब्रदर ओनोरातो बसतात.

ब्रदर ओनोरातो सुरीशिवाय ऑपरेशन करतात. नुसत्या बोटांनी. पोट उघडतं, रक्त येतं, आतली घाण बाहेर निघते, पोट मिटतं, वणसुद्धा राहत नाही. परदेशातून बस भरभरून माणसं येतात. आधी पेशंटसमोर पांढरी चादर धरतात. चादरीतून त्यांना आतलं सगळं दिसतं म्हणे. पेशंटने डोळे मिटायचे, कारण आत्मे लाजतात. निघालेला तुकडा त्यांची बायको सिस्टर बेनिता ताटलीत घेते आणि लगेच मागच्या अंगणात जाळते. आणि मोठा नियम हा, की सात बैठका पुऱ्या होईपर्यंत अंगाला लोखंड लागता कामा नये. सुईसुद्धा नाही. लोखंड लागलं की आत्मे निघून जातात आणि आजार दुप्पट होऊन परततो.

पुरिंग पहिल्या बैठकीहून आली ती हसतच. "मनांग, निघाली बघ गाठ! ब्लाउजला रक्त लागलंय."

मी चाचपलं. "मग ही काय आहे?"

"ती मुळं आहेत. मुळं सातव्या बैठकीला निघतात."

सातवी बैठक गुरुवारनंतरच्या रविवारी. म्हणजे सुई नको, सर्जन नको, पावसाळाभर वाट बघायची. मी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं तर म्हणते, "आत्म्यांकडे कॅलेंडर नसतं."

"कर्करोगाकडे असतं," मी म्हटलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता सिस्टर बेनिता माझं नेहमीचं गिऱ्हाईक. दर रविवारी पहाटे माझी भवानी तिचीच. नोट घेऊन मी सगळ्या कोंबड्यांवरून फिरवते, दिवस बरा जातो. तिची मागणीही ठरलेली: एक किलो साफ केलेले पेटे, थोडी कलेजी आणि एक पिशवी रक्त. रक्तात आम्ही तांदूळ घालतो, थिजावं म्हणून. हिला बिनतांदळाचं, पातळ लागतं. आणि ब्रदर स्वतः मांस खात नाहीत, हे अख्ख्या पांगासिनान प्रांताला ठाऊक आहे.

मी पुरिंगला म्हटलं, "तो खात नाही, ही वाळल्या मासळीएवढी. किलोभर पेटे जातात कुठे?"

"कुत्री असतील त्यांच्याकडे."

"आहेत का?"

"माझे डोळे मिटलेले असतात, मनांग. मला काय माहीत?"

मग मी गोणीचा दोरा घेतला. दर बैठकीआधी आणि नंतर गाठ मोजायची, दोऱ्याला गाठी मारायच्या. पुरिंग मोजू द्यायची, कारण तिलाही बघायचं होतं. पाच बैठकांत मक्याच्या दाण्याचं छोटं कालामान्सी लिंबू झालं. पाचव्या रविवारी मी तो दोरा ब्रदरच्या नाकासमोर धरला.

"ब्रदर, गाठ वाढली."

"मुळं निघायच्या आधी फुगतात, आई."

"आणि कमी झाली असती तर?"

"तर मुळं सुकली असती."

"आणि आहे तेवढीच राहिली असती?"

"तर आत्म्यांनी धरून ठेवली असती." इतकं गोड हसले की सगळी बाकं हसली.

काहीही ठेवा, काटा आपल्या जागी. असला तराजू मी बाजारात ठेवला असता तर लोकांनी मला चपलेने बडवलं असतं. यांना लोक फुलं वाहत होते. दोरा घेऊन घरी आले तेव्हा एवढं कळलं, की आजारी माणसावर यांची परीक्षा होणार नाही. आजारी माणसाच्या आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही, म्हणून तर हा धंदा चालतो. असा पेशंट हवा, ज्याच्या आत काय आहे हे मला पक्कं ठाऊक आहे.

आणि सबंध प्रांतात ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सहाव्या रविवारी पहाटे सिस्टर बेनिताची भवानी झाली. पेटे पुरिंगने साफ केले होते, मीच मोजून दिले. मग मी एक चांगली दीड किलोची कोंबडी घेतली, सोलली, पोट रिकामं केलं. पेटा काढला, कलेजी काढली, आतडी काढली. काळीज, म्हणजे हृदय, काढलं आणि काडीला टोचून शेजारच्या भाजणाऱ्याला विकलं. आत नुसती हवा राहिली. धुतली, तान्ह्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळली, वर टोपडं घातलं आणि चालू लागले.

पुरिंग आधीच बाकावर बसली होती, तिच्या सहाव्या बैठकीसाठी. मला बाळ घेऊन येताना बघून तिचे डोळे मोठे झाले, कारण आमच्या घरात तान्हं बाळ नाही.

"ब्रदर," मी डोळे पुसत म्हटलं, "माझी नात. सातव्या महिन्यात झाली. डॉक्टर म्हणतात उजेड सोसणार नाही, दुपटं काढू नका."

"आत्म्यांना दुपट्याची अडचण नाही," ब्रदर म्हणाले.

मी बाळ टेबलावर ठेवलं. सिस्टर बेनिताने आणि तिच्या भाचीने चादर धरली. ब्रदरनी डोळे बारीक करून बघितलं. समोर चाळीस माणसं आणि बसभर परदेशी, सगळे श्वास धरून.

"काळीज अशक्त आहे," ब्रदर म्हणाले.

मी मान हलवली. काळीज तेव्हा बाजारात व्हिनेगरमध्ये बुडत होतं.

"पण रोग काळजात नाही. पोटात गाठ आहे. कोणीतरी दृष्ट लावलेली आहे. शेजारीण आहे का, आई, हिरव्या दाराची?"

"दारं सगळ्यांचीच हिरवी आहेत, ब्रदर. गेल्या निवडणुकीत रंग फुकट वाटला होता."

"त्यातलीच एक."

मग त्यांनी दुपट्याच्या घडीतून हात आत घातला. "अंग गार आहे."

"ताप उतरलाय," मी म्हटलं.

आणि तिथे त्यांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं हा माणूस पोटाची कातडी दाबून, बोटं मुडपून, हात आत गेल्याचा भास करत आला. आज आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात खरोखर आत गेला, मनगटापर्यंत. क्षणभर ते माझ्याकडे बघत राहिले. कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता ओरडतील. पण समोर चाळीस माणसं, कॅमेरे, स्तोत्रं चालू. ब्रदर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. डोळे मिटले, दुसरा हात पुढे आला, दुपट्यावर रक्त झिरपलं आणि बोटांत लाल तुकडा वर आला. लोक रडायला लागले.

सिस्टर बेनिताने ताटली पुढे केली. मी तिच्याआधी तुकडा पकडला. आणि दुसऱ्या हाताने दुपटं ओढलं.

टेबलावर कोंबडी. टोपडं घातलेली.

"हिचं पोट आज सकाळी मी माझ्या हाताने रिकामं केलंय," मी म्हटलं. माझा आवाज बाजारात तीन गल्ल्यांपलीकडे जातो, तिथे तर छप्पर होतं. "आत काही नव्हतं. मग हे कुठून आलं? सांगा ब्रदर! हा पेटा आहे, माझ्या दुकानातला!"

स्तोत्रं थांबली. एक माशी टोपड्यावर बसली. मी वाट बघत होते की आता लोक ब्रदरच्या अंगावर जातील.

पुढच्या बाकावरची एक बाई गुडघ्यांवर बसली. "रिकाम्या पोटात," ती थरथरत म्हणाली, "रिकाम्या पोटात त्यांनी पेटा निर्माण केला!"

"निर्माण नाही केला, विकत आणला!" मी ओरडले.

"मेलेल्या कोंबडीला!" मागून कोणीतरी म्हणालं. परदेशी टाळ्या वाजवू लागले. एका म्हाताऱ्याने विचारलं, माझा लढाईचा कोंबडा एका डोळ्याने अधू आहे, कधी आणू? ब्रदरनी एक दीर्घ श्वास घेतला, रंग परत आला, आणि म्हणाले, "आत्मे माणूस आणि पक्षी असा भेद करत नाहीत." त्या दिवसापासून मंगळवार त्यांनी कोंबड्यांसाठी राखून ठेवला आहे.

आणि माझं काय झालं? दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग. मनांग फिलाच्या पेट्यात गुण आहे! एक बाई दुखऱ्या गुडघ्यावर बांधायला पेटा मागत होती. मी पुठ्ठ्यावर लिहवून घेतलं, "हे खायचे आहेत", आणि टांगलं. लोकांनी पुठ्ठ्याला हात लावून नमस्कार केला. असो. ती अक्कल त्यांची.

माझं काम तिथे वेगळंच झालं होतं. सगळे ब्रदरकडे धावले तेव्हा एकटी पुरिंग माझ्याकडे आली. माझ्या तळव्यावरचा तो तुकडा उचलला, स्कर्टला पुसला आणि अंगठ्याने काप चाचपला. डावीकडून तिरका. शेवटाला वळसा.

"मनांग, हा मी साफ केलाय."

"हो."

"आज सकाळी."

"तूच ना. सरळ काप म्हणून मी बोंबलत होते."

तिने पेटा उलटा करून पुन्हा बघितला. तिकडे तिचं नाव पुकारलं गेलं, सहावी बैठक, टेबल पुसून तयार होतं. तिचा हात नकळत छातीवर गेला.

"म्हणजे दर रविवारी पहाटे मी साफ करायची," ती हळू म्हणाली, "आणि दहा वाजता तेच माझ्यातून काढायचे?"

मला टोमणा सुचला होता, चांगला धारदार. गिळला. आयुष्यात दोनदाच गिळलाय, त्यातला हा एक.

"तुझी पाळी आहे बहिणी," सिस्टर बेनिता हाक मारत होती.

"मला आज बरं वाटत नाही," पुरिंग म्हणाली. ब्रदरच्या दारात असं बोलून परत जाणारी ती पहिलीच असेल. कोंबडी आम्ही घरी नेली आणि आल्याच्या रस्स्यात हिरवी पपई घालून खाल्ली. काळजाविना चवीत काही फरक पडला नाही.

गुरुवारी सर्जननी सुई घातली आणि दुपारीच गाठ काढली. डॉक्टर दुमलाव बाहेर आली तेव्हा मी तिला गाठलं. "बरी होईल ना?"

"आत्ता सांगता येणार नाही, मनांग. गाठ मनिलाला जाईल, काचेखाली बघतील. मग सांगते."

त्या सहा आठवड्यांत 'मला अजून माहीत नाही' म्हणणारं हे पहिलं माणूस. मी तिथेच ठरवलं, हिचं ऐकायचं. तीन आठवड्यांनी कागद आला: वाईट जातीची होती, पण पसरलेली नव्हती. आणखी औषधं, आणखी फेऱ्या. पावसाळा संपेपर्यंत थांबलो असतो तर काय, हेही मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, तेही पक्कं सांगता येणार नाही, पण मी थांबले नसते.

पण मला तो गुरुवारच आठवतो. पुरिंग खाटेवर, ओठ सुकलेले, अजून अर्धी गुंगीत. डॉक्टर बरणीवर नाव लिहीत होती. पुरिंगने डावा हात वर केला.

"दाखवा."

"काय?"

"काढलंत ते. मी डोळे मिटणार नाही."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दाखवा, तिचा धंदा आहे तो. डॉक्टरने बरणी उजेडात धरली. पुरिंगने मान उचलली, चांगलं वळवून वळवून बघायला लावलं, या बाजूने, त्या बाजूने, बाजारात गिऱ्हाईक बघतं तसं. मग मान उशीवर टाकली.

"बरोबर आहे, मनांग," ती म्हणाली. "हे आपल्या दुकानातलं नाही."