भिंतीकडे तोंड

पक्षाच्या शाखेत उमेदवार निवडायची एक जुनी रीत होती. इच्छुकांनी भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचं आणि सभासदांनी आपल्या पसंतीच्या माणसामागे जाऊन उभं राहायचं. निकाल सांगून मंडळी पांगली, की मगच इच्छुकांनी वळायचं. भिडेखातर कुणी मत देऊ नये, हा त्यामागचा विचार. पाठीलाही कान असतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवशी एका खुर्चीत नर्सबाई होत्या, दुसरीत पेंटर. गटार तुंबलं की नगरपालिकेत ठिय्या नर्सबाईंचा, बंद पडलेला दवाखाना उघडला तोही त्यांच्याच चिकाटीने. पेंटर गडी दिलाचा चांगला, पण काम म्हटलं की अंगावर काटा. त्याचं भांडवल एकच, तो खालच्या आळीचा होता. यंदा आपला माणूस, असं खालची आळी म्हणत होती, आणि त्यात वावगंही नव्हतं. तिला आजवर कुणी तिकीट दिलंच नव्हतं.

खरं तर नर्सबाईही जन्माने खालच्याच आळीच्या, लग्न करून वर गेलेल्या. वरची आळी त्यांना अजून खालची समजायची आणि खालची आता वरची. धड ना इकडे, धड ना तिकडे. पण धाकटा भाऊ म्हणाला होता, "ताई, लोक काम बघतात. तू उभी राहा, आपली माणसं मी आणतो." त्याच्याच जिवावर त्या उभ्या राहिल्या.

भावाचे बूट फार करकरायचे. सकाळीच त्यांनी त्याला टोकलं होतं, तेल लाव रे जरा, तुझ्याआधी तुझे बूट घरात शिरतात. तो नुसता हसला होता.

शाखेचे अध्यक्ष वकीलसाहेब, त्यांनी सुरुवात करा म्हटलं आणि पावलं वाजू लागली. काठी टेकत कुणीतरी नर्सबाईंच्या मागे येऊन थांबलं. ते सासरे. त्यांचं आणि सुनेचं कधी पटलं नव्हतं. चपला मात्र पेंटरकडेच फरफटत होत्या. बुटांची करकर काही येईना. माणसं गोळा करताना उशीर झाला असेल, अशी नर्सबाईंनी मनाची समजूत घातली. वकीलसाहेब निकाल सांगायला उठले तसं त्यांना राहवेना.

"जरा थांबा साहेब. माझा भाऊ यायचाय."

सासरे खाकरले. "सूनबाई, मागे बघ."

रीत मोडून त्या वळल्या. पेंटरच्या खुर्चीमागे भाऊ उभा होता, नुसत्या मोज्यांवर. बूट हातात.

मत गेल्याचं त्यांना एवढं लागलं नसतं. तोंडावर सांगितलं असतं, तर त्यांनीच पेंटरला पुढे केलं असतं. पण सख्ख्या भावाने असं चोरपावलांनी यावं, याने काळजाला घरं पडली.

"ताई, काम तुझंच मोठं," तो खाली बघत म्हणाला. "पण आळीला आपला माणूस हवा होता."

"आणि मी कुणाची रे?"

त्याने बूट या हातातून त्या हातात घेतले. वकीलसाहेबांनी सारवासारव केली. प्रचार नर्सबाईंनीच सांभाळावा, वॉर्डातलं घर न् घर त्यांना ठाऊक आहे, म्हणाले. त्यावर भावानेही मान हलवली.

नर्सबाईंनी पर्स उचलली, सासऱ्यांना हात दिला. दारात थांबून त्या भावाला म्हणाल्या, "बूट घाल. आणि तेल नको लावूस त्यांना. तू येतोयस हे आता मला आधी कळायला हवं."